पाचवा उद्गार

डायलिसिसवर असलेल्या माणसाला लोक सुयांबद्दल विचारतात. किती जाड असतात, प्रत्येक वेळी नव्याने टोचतात का, हात दुखतो का. सुया जाड असतात आणि दुखतात, पण त्यांची सवय होते. तहानेची सवय होत नाही. हे मला सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं. आता नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते.

किडन्या थकल्या की प्यायलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट उरत नाही. ते पावलांवर उतरतं, डोळ्यांखाली साचतं, आणि फार झालं तर फुप्फुसांत शिरतं. मग आडवं होता येत नाही, रात्र खुर्चीत बसून काढावी लागते. दोन डायलिसिसच्या मधे साठलेलं सगळं पाणी यंत्राला चार तासांत ओढून काढावं लागतं. ते जास्त असेल तर ओढता ओढता रक्तदाब एकदम खाली येतो आणि पोटऱ्यांत असे गोळे येतात की धट्टीकट्टी माणसंही ओरडतात. म्हणून पाणी मोजून प्यायचं. मला डॉक्टरांनी दिवसाला पाऊण लिटर ठरवून दिलं आहे. सकाळचा चहा त्यातच, गोळ्या गिळायचं पाणी त्यातच, आमटी आणि ताकही त्यातच. हे, म्हणजे माझे यजमान, सकाळी एका बाटलीत तेवढं पाणी भरून ठेवतात, आणि माझा चहा झाला की चहाइतकं पाणी बाटलीतून कमी करून कुंडीत ओततात. मी समोर बसून ते बघते. नगरचा एप्रिल ज्यांनी काढला आहे त्यांना यापुढे काही सांगायला नको.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होते. घर ख्रिस्ती, काही पिढ्यांचं. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला काम सुरू केलं, त्यातून जी कुटुंबं उभी राहिली त्यांतलं आमचं एक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं आमच्याकडे पाळण्यापासून कानावर पडतात. आई मिरजेला नर्सिंग शिकली, डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात. दुखणं आलं की गुडघे टेकायचे आणि दवाखान्याची वाट धरायची, या दोन्हींत विरोध आहे असं आमच्या घरात कधी कोणाला वाटलं नाही.

माझ्या किडन्या मधुमेहाने गेल्या. बहुतेकांच्या मधुमेहाने नाहीतर रक्तदाबानेच जातात. हे वाक्य मी मुद्दाम इतकं कोरडं लिहिते आहे, कारण आजार कळल्यावर माझ्याकडे कारणांची रीघ लागली. मंडळीतली माणसं येत, फळं आणत (केळी आणि मोसंबी, जी मला चालत नाहीत), प्रार्थना करत आणि जाता जाता एखादं कारण ठेवून जात. देव तुझी परीक्षा घेतोय. देव ज्यांच्यावर प्रीती करतो त्यांनाच शिक्षा करतो. घराण्यात काही राहिलेलं पाप असेल, शोधून कबूल कर. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की विश्वास पुरेसा असेल तर यंत्राची गरज राहणार नाही, आणि माझ्या उत्तरासाठी थांबले. मी म्हटलं, साहेब, मंगळवारी माझी वेळ आहे, मी जाणार. आजही मी हे कोणापुढेही म्हणेन. ज्याला डायलिसिस लागतं त्याने देवाच्या नावाने ते बंद करू नये, आणि दुसऱ्याला बंद करायला सांगणाऱ्याने आधी त्याच्या मुलाबाळांची तोंडं पाहावीत. दोन-तीन वेळा चुकवलं तर माणूस जाऊ शकतो.

बायबलमधल्या ईयोबाच्या मित्रांना आपण नावं ठेवतो. पण ते आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, आणि त्याचं दुःख फार मोठं आहे हे पाहून एक शब्द बोलले नाहीत. मला त्या सात दिवसांबद्दल त्यांचा फार आदर वाटतो. त्यानंतर ते कारणं सांगायला लागले. आणि योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं. प्रभू दोन्ही नाकारतो. तो पुढचं बोलतो, आता या माणसात देवाचं काय काम दिसायचं आहे ते, आणि लगेच खाली वाकून थुंकीत माती कालवतो. कारणांची चर्चा तिथेच संपते, कामाला सुरुवात होते. या प्रसंगावर मी संडे स्कूलमध्ये किती पाठ घेतले असतील, पण प्रभू त्या माणसाच्या भूतकाळाकडे वळूनही बघत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते खाटेवर पडून.

तरी माझ्यापुढे काय काम होतं ते मला दिसत नव्हतं. आठवड्यातले तीन दिवस यंत्राचे, उरलेले थकव्याचे. चर्चमध्ये पेटी वाजवायचं माझं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं, कारण फिस्टुलाचा, म्हणजे सुया टोचायचा, हात जपायचा. देवबापाला मी रोज एकच विचारत असे: मला ठेवलं आहेस ते कशासाठी?

त्या वर्षी लेंटच्या उपासकाळात आमचे पाळकसाहेब घरी आले आणि म्हणाले, बाई, उत्तम शुक्रवारी पाचवा उद्गार तुम्ही घ्या.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, त्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. मधे गीतं, मधे प्रार्थना. भर उन्हाची वेळ, पत्र्याखाली पंखे गरम वारा फेकत असतात, आणि बरेच जण उपाशी आलेले असतात. पहिला उद्गार क्षमेचा, तो बहुधा वडीलधाऱ्यांकडे जातो. तिसरा आईचा, तो महिला मंडळाला. चौथा सगळ्यांत कठीण, तो पाळक स्वतः घेतात. पाचवा तहानेचा. तो कोणालाही देतात. तो सर्वांत लहान आहे, आणि त्यावर काय बोलायचं ते ठरलेलं आहे: प्रभूला आत्म्यांची तहान लागली होती. लहानपणापासून मी हेच ऐकत आले. पाण्याची गोष्ट कोणी करतच नाही.

मी तयारीला बसले ते गुरुवारी, यंत्राला लावलेली असताना. डावा हात अडकलेला, उजव्या हातात पवित्र शास्त्र. टेक्निशियन मुलगा नवा होता, बोलका. मी त्याला सहज विचारलं, माझ्या रक्ताशेजारून या यंत्रात किती पाणी जातं रे? त्याने हिशेब केला. मिनिटाला अर्धा लिटर, म्हणजे चार तासांचं १२० लिटर. भिंतीपलीकडे आर.ओ.चा प्लँट घरघरत होता, खाली पाण्याचा टँकर उभा होता. पातळ पडद्याच्या एका बाजूने माझं रक्त आणि दुसऱ्या बाजूने १२० लिटर शुद्ध पाणी, आणि माझी जीभ टाळूला चिकटलेली. मी शास्त्रभाग पुन्हा वाचला.

आदल्या रात्रीच्या भोजनानंतर प्रभूच्या पोटात पाणी गेल्याचा कुठे उल्लेख नाही. बागेत घाम गाळला. रात्रभर या दरबारातून त्या दरबारात नेलं. फटके मारले. फटक्यांत रक्त जातं, आणि रक्त गेलं की तहान लागते, हे कोणत्याही नर्सला विचारा. मग खांद्यावर ओझं देऊन चालवलं, मग उन्हात टांगलं. मार्क लिहितो की खिळे ठोकण्याआधी त्याला गंधरस घातलेला द्राक्षारस दिला होता, वेदना बधिर व्हावी म्हणून, आणि त्याने तो घेतला नाही. अगदी शेवटाजवळ त्याने तहान लागल्याचं सांगितलं. तेव्हा कोणीतरी आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, स्पंज बुडवून काठीने त्याच्या ओठांशी नेला, आणि तो त्याने घेतला. जाणीव घालवणारं पेय नाकारलं आणि ओठ ओले करणारं स्वीकारलं. हे वाचताना मला रडू आलं. टेक्निशियन धावत आला, त्याला वाटलं गोळे आले.

हा उद्गार एकट्या योहानाने टिपला आहे. वधस्तंभाखाली एक शिष्य उभा होता, त्याची साक्ष म्हणून. आणि योहानाच्याच शुभवर्तमानात प्रभू आणखी एकदा पाणी मागतो: दुपारची वेळ, चालून थकलेला, याकोबाच्या विहिरीवर बसलेला, आणि पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई. बोलणं लांबत जातं, जिवंत पाण्यापर्यंत पोचतं, बाई घागर टाकून गावात धावते. तिने त्याला पाणी दिलं की नाही ते योहान सांगतच नाही. जगाला जिवंत पाणी देतो म्हणणारा स्वतः कोरड्या घशाने बसलेला आहे, आणि हे लिहिणाऱ्याला त्यात काही लपवावंसं वाटलं नाही.

उत्तम शुक्रवारी मी खुर्चीवर बसूनच बोलले. मी म्हटलं, आत्म्यांच्या तहानेवर माझ्याआधी पुष्कळांनी सांगितलं आहे आणि ते खरं आहे, पण आज मी पाण्याच्या तहानेवर बोलणार आहे, कारण ती मला माहीत आहे. आणि आईची गोष्ट सांगितली. मिरजेला ऑपरेशननंतर रोग्याला पाणी द्यायचं नसे. रोगी शुद्धीवर येताच पहिला शब्द पाणी. नर्सने काय करायचं? आई सांगे, गॉझचा बोळा ओला करायचा, पिळायचा, आणि ओठांवरून फिरवायचा. पुन्हा पुन्हा, रात्रभर. पाणी देता येत नाही म्हणून खोलीबाहेर निघून जायचं नाही. आई म्हणायची की रोगी पुढे सगळं विसरतात, ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांचं नावसुद्धा, पण ओठ ओले करणारी त्यांच्या लक्षात राहते. प्रभूला जिवंतपणी माणसाच्या हातून मिळालेली शेवटची गोष्ट तोच ओला बोळा होता. देणारा कोण, शिपाई की बघ्या, त्याचं नाव लिहिलेलं नाही. त्याने वधस्तंभ थांबवला नाही, खिळे काढले नाहीत, ते त्याच्या हातात नव्हतं. जे हातात होतं ते त्याने काठीला लावून वर धरलं.

एवढंच बोलले. नेहमी तिथे पंधरा मिनिटं बोलतात, मला तेवढा दम नव्हता.

माझ्यापुरती त्या दिवशी एक गोष्ट पक्की झाली. देव माझी तहान वरून पाहत नाही, त्याने ती घशात भोगली आहे. किडन्या त्याने घालवल्या असं मी मानत नाही. पण त्या गेल्यावर मी जिथे येऊन पडले तिथे तो आधीपासून होता, आणि त्याला तिथे माझ्याकडून काही हवं होतं.

ते काय, हे कळायला फार दूर जावं लागलं नाही. शनिवारी आमच्या शिफ्टला एक रिक्षावाला मुलगा असे, माझ्या धाकट्याच्या वयाचा. महात्मा फुले योजनेत त्याचं डायलिसिस मोफत होई, पण रिक्षाचा हप्ता योजनेत बसत नव्हता, तेव्हा उन्हात गाडी चालवायचीच. त्या शनिवारी तो धापा टाकत आला. वजन केलं तर मधल्या दोन दिवसांत पाच किलो वाढलेलं. सगळे त्याला बोलले. बोलणारे चुकीचं बोलत नव्हते, त्याच्या जिवाला धोका होता. त्याने भिंतीकडे तोंड केलं. यंत्र लागलं, सगळं शांत झालं, तेव्हा मी शेजारच्या खाटेवरून विचारलं, काय प्यायलास रे बाळा?

बऱ्याच वेळाने म्हणाला, उसाचा रस, मावशी. दोन ग्लास.

बर्फ घालून?

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. बर्फ घालून, आलं-लिंबू घालून, म्हणाला, आणि मग मला सगळं सांगत सुटला: रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, ग्लासाला बाहेरून आलेला ओलावा, पहिला घोट. मी ऐकत होते. पलीकडच्या खाटेवरच्या भाभी ऐकत होत्या. त्यांना औषधांमुळे रमजानचे रोजे धरता येत नव्हते आणि त्याचं त्यांना फार दुःख होतं. पारनेरकडच्या एक वारकरी मावशी ऐकत होत्या. आम्ही सगळे तो रस प्यायलो म्हटलं तरी चालेल. मग मी त्याला म्हटलं, मलाही रात्री माठाजवळ उभं राहावंसं वाटतं, आणि मी उभी राहतेसुद्धा. तो रडला. त्यानंतर त्याचं वजन हळूहळू कमी वाढायला लागलं. मी काही जादू केली नाही. लोणचं-पापड बंद केलं तर तहानच कमी लागते, चूळ भरून टाकून द्यायची, लिंबाची फोड चोखायची, पाण्याऐवजी बर्फाचा एक खडा तोंडात धरला तर जास्त वेळ पुरतो, हे त्याला डॉक्टरांनी आणि सिस्टरांनीही सांगितलं होतंच. पण तहान भोगणाऱ्याच्या तोंडून ऐकलं की ते वेगळं पोचतं.

पौलाने कलस्सैकरांस तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात एक वाक्य आहे, ते मला कायम अडखळवत असे. तो म्हणतो की ख्रिस्ताच्या दुःखांत जे उरलं आहे ते मी माझ्या देहात, मंडळीसाठी, पुरं करतो आहे. ख्रिस्ताच्या दुःखात काही उरेल कसं? तारणासाठी काही उरलेलं नाही, हे आमच्या शिकवणीचं मूळच आहे. पण मी आता ते असं वाचते: त्याने जे भोगलं ते आमच्या वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपर्यंत कोणीतरी स्वतःच्या अंगाने नेऊन पोचवायचं उरलं आहे. निरोगी माणसाने त्या मुलाला पाण्याबद्दल सांगितलं असतं तर त्याने भिंतीकडेच तोंड ठेवलं असतं. माझ्या देहाची दुर्दशा हाच माझा परवाना. पाळकसाहेबांना हे सांगितलं, ते म्हणाले, टीकाकारांनी याच्या जवळपास लिहिलं आहे. मला टीका वाचून कळलं नव्हतं, पण बरं वाटलं.

यात नवीन काही नाही. पंडिता रमाबाईंनी ऐन तारुण्यात दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली. भावाबरोबर पायी भटकल्या, उपाशी राहिल्या. पुढे भाऊ गेला, नवरा गेला. १८९६-९७ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या, केडगावच्या माळावर त्यांच्यासाठी घर उभं केलं. आम्ही शाळेची सहल घेऊन तिथे जायचो. मुलांना मी सांगायचे, त्यांचा त्याग किती मोठा. आता मला वेगळंच दिसतं. भुकेलेल्या मुलीचे डोळे त्यांना ओळखता येत होते, कारण ते डोळे एके काळी त्यांचेच होते. म्हणून देवाने त्यांच्या घरात दुष्काळ पाडला असं मात्र मी म्हणणार नाही, आणि कोणी म्हटलं तर भांडेन. दुष्काळ दुष्काळच होता. त्यातून वाचलेल्या बाईला त्याने हाक मारली आणि ती उठली, एवढं मला दिसतं.

मी वॉर्डात कोणाला धर्म सांगत नाही. ती जागा त्यासाठी नाही, सुईला बांधलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. कोणी म्हटलं, बाई, आमच्यासाठी प्रार्थना करा, तर करते, आणि भाभी माझ्यासाठी दुआ करतात, मावशी पांडुरंगाला सांगतात. माझ्या वहीत खाटेच्या क्रमाने नावं आहेत. यंत्र सुरू झालं की पहिला तास मी त्या वहीला देते. पेटी वाजवता येत नाही, शाळा संपली, तरी आता सकाळी निघताना मला कामावर निघाल्यासारखं वाटतं, आणि हे वाटणं मी प्रभूकडून आलेलं मानते.

सगळे दिवस असे नसतात. उन्हाळ्यात शनिवार ते मंगळवार हा अंतराचा मोठा टप्पा येतो तेव्हा सोमवारची रात्र फार वाईट जाते. त्या रात्री मी देवाला हे काढून घे असंच म्हणते. गेथशेमाने बागेत त्यानेही प्याला टळावा म्हणून तीनदा विनवलं, मग मी का लाजू? ह्यांची किडनी जुळेल अशी आशा होती, पण त्यांचा रक्तदाब तपासणीत आड आला. प्रतीक्षायादीत नाव आहे. मिळाली तर मी आनंदाने घेईन आणि पहिल्या दिवशी माठातलं गार पाणी पोटभर पिईन, तेही त्याचंच दान म्हणून.

प्रभुभोजनाच्या रविवारी द्राक्षरसाचा तो लहानसा पेला हातात येतो तेव्हा हे माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारतात, हा धरायचा का हिशेबात? मी मान हलवून हो म्हणते. तो पाऊण लिटरातलाच आहे. तहानेने प्यायलेल्या त्या घोटाची चव मला आधीच्या आयुष्यात कधी कळली नव्हती.

परवा सिस्टरांनी सांगितलं, पुढच्या आठवड्यात पाथर्डीकडून एक तरुण बाई सुरू होणार आहे, लहान मूल आहे, फार घाबरली आहे, काही खात नाही. तिला माझ्या शेजारची खाट द्या म्हटलं. भाभी खिडकीजवळ सरकायला तयार आहेत.